वसतिगृहामागची बांधी आणि हिवाळ्यातील भाजीपाला

आपल्या निवासी शाळेतील मुलामुलींच्या हाती खुरपे द्यावे की नाही, हा प्रश्न पालकसभेत अधूनमधून निघतो आणि उत्तर न मिळताच मिटतो. आता तो टाळता येणार नाही, कारण वसतिगृहामागच्या जमिनीचे काय करावे हा विषय संस्थेपुढे आलाच आहे. कोणी म्हणतात, तेथे सभागृह बांधावे. कोणी म्हणतात, धानासाठी ठेक्याने द्यावी, म्हणजे दरवर्षी काही रक्कम हाती येईल. आमचे मत या दोहोंहून वेगळे आहे. त्या जमिनीतील निदान दहा गुंठे, म्हणजे पाव एकर, हिवाळी भाजीपाल्यासाठी कायमची राखून ठेवावी. तेथे उघड्यावर, कोणतेही प्लॅस्टिकचे छत न उभारता, थंडी सोसणाऱ्या भाज्या घ्याव्यात. आणि ती भाजी प्रथम मुलांच्या ताटात जावी, असे आम्हांस वाटते. हे मत त्याला असणाऱ्या हरकतींसह या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पहिली हरकत पालकांची आहे आणि ती सर्वांत वजनदार आहे. रोवणीच्या चिखलात ज्यांची कंबर मोडली, बिड्या वळता वळता ज्यांचे डोळे गेले, अशा मायबापांनी लेकराला शाळेत पाठविले ते पुस्तकासाठी. तेथेही त्याने माती उकरायची असेल तर गावात काय वाईट होते, असे एखादी आई विचारते तेव्हा तिच्या प्रश्नामागे केवळ लाड नसतात. पिढ्यांचा हिशेब असतो. आपल्या समाजाला श्रम कधी शिकवावे लागले नाहीत. श्रमाचे फळ कोणाच्या कोठारात जाते, हा खरा प्रश्न होता. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर जो निबंध लिहिला, त्यात शेतीवर विसंबलेल्या माणसांचा भार हेच मूळ दुखणे ठरविले आणि उपाय म्हणून उद्योगधंद्यांच्या वाढीकडे बोट दाखविले. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन सामुदायिक रीतीने कसली जावी, असे मांडले. खेड्याविषयी त्यांच्या मनात कोणताही भाबडा जिव्हाळा नव्हता. त्यांचे नाव घेणाऱ्या शाळेने शेतकामाचे गोडवे गाण्यापूर्वी हे सारे ध्यानात ठेवले पाहिजे.

पण याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसे तुरुंगात गेली. ती माणसे काय मागत होती? कसण्यासाठी जमीन. परक्याच्या बांधीत राबण्याचा त्यांना उबग होता, जमिनीचा नव्हता. आणि आपल्याच भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा त्या कुटुंबाच्या शेतातून जाणाऱ्या वाटेचा वाद त्या वैरामागे होता, हे आपण विसरू शकत नाही. स्वतःची जमीन स्वतः कसणे ही गोष्ट आपल्याकडे आजही साधी नाही. म्हणून संस्थेच्या नावावर असलेली, कोणाचीही मेहेरबानी नसलेली, चार बाजूंनी कुंपण असलेली जमीन मुलांच्या पायाखाली आहे, तिचे मोल केवळ ठेक्याच्या रकमेत करू नये.

दुसरी हरकत आमच्या एका स्नेह्यांनी काढली. बौद्ध संस्थेत जमीन खणणे धम्माला धरून आहे काय, असे त्यांनी विचारले. हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. विनयानुसार भिक्खूने स्वतः जमीन खणणे किंवा खणविणे, वनस्पती तोडणे हे दोन्ही दोष मानले गेले आहेत. पूज्य भन्तेजींनी हाती कुदळ घ्यावी अशी अपेक्षा कोणी करू नये. परंतु हा नियम उपासकांना आणि विद्यार्थ्यांना लागू नाही. संघाचे अन्न सदैव गृहस्थांच्या शेतातून आले. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात जो स्तूप उजेडात आला, तेथील शिलालेखांतही दात्यांची नावे आहेत. सुत्तनिपातात कसिभारद्वाजाची कथा आहे. पेरणीच्या दिवसांत तो ब्राह्मण शेतकरी आपल्या मजुरांना अन्न वाटीत असता तथागत भिक्षेस उभे राहिले. आधी नांगरा, पेरा आणि मग जेवा, असे त्याने सुनावले. तेव्हा आपणही शेतीच करतो असे सांगून तथागतांनी बी, पाऊस, नांगर, दोर यांच्याच भाषेत साधनेचा मार्ग समजावून दिला. शेतकऱ्याला शेतकऱ्याच्या शब्दांत उत्तर मिळाले, ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते. पुढे चीनमध्ये आठव्या-नवव्या शतकांत होऊन गेलेले आचार्य बाइझांग यांच्या परंपरेने तर मठातील भिक्खूंसाठीही शेतकाम नित्यकर्मात घातले. धम्म जेथे गेला तेथल्या मातीशी त्याने असे निरनिराळे करार केलेले आहेत.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे थंडीकडे वळू.

भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. आपल्याकडे शेतीचा विचार मृगापासून सुरू होतो आणि धान घरी आले की संपतो. मंडईचे दिवस येतात, रात्री झाडीपट्टीची नाटके रंगतात आणि बांधी उन्हाळ्यापर्यंत पडून राहते. ज्यांच्याकडे ओल टिकते ते उभ्या धानात, कापणीच्या दहा-पंधरा दिवस आधी, लाखोरी किंवा जवस फेकतात. धुऱ्यावर तूर आणि पोपटाच्या शेंगा असतात. नदीकाठी थोडा वाटाणा, हरभरा. एवढे सोडले तर वर्षातील सर्वांत उत्तम तीन महिने जमीन रिकामी असते. ‘सर्वांत उत्तम’ हा शब्द आम्ही जाणून वापरला आहे. युरोप-अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात भाजी काढणाऱ्यांची मोठी अडचण थंडीपेक्षा उजेडाची असते. दिवस दहा तासांपेक्षा लहान झाला की तेथे रोपांची वाढ जवळजवळ थांबते. म्हणून जी काही वाढ व्हायची ती शरद ऋतूतच करून घेऊन, पुढे बागेचा उपयोग जिवंत कोठारासारखा करतात. आपला जिल्हा एकवीस अंश अक्षांशावर आहे. येथे वर्षातील सर्वांत लहान दिवसही साडेदहा तासांच्या खाली जात नाही. आकाश निरभ्र, ऊन स्वच्छ, पावसाळ्यातील रोगराई ओसरलेली. ज्या हवेसाठी अन्यत्र काचेची घरे उभारतात ती आपल्या अंगणात फुकट उतरते.

याचा अर्थ आपल्याकडे कडाका पडतच नाही, असा नव्हे. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे किमान तापमान ३.५ अंशांवर आले होते, आणि पूर्वेकडे आपल्या व गोंदियाच्या बाजूला थंडी नागपूरहून कमी नसते. शिवाय वर्तमानपत्रात छापून येणारा आकडा हा जमिनीपासून चार फुटांच्या आसपास, पेटीत टांगलेल्या तापमापकाचा असतो. निरभ्र, वाराशून्य रात्री जमीन आपली ऊब आकाशात सोडून देते आणि पानांच्या पातळीवरची हवा त्या आकड्याहून काही अंशांनी अधिक गार होते. म्हणूनच पारा तीन-चारवर असतानाही पहाटे तणसाच्या ढिगावर पांढरी साय दिसते. गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन खोलगट जागी साचते. नाल्याकाठच्या बांधीत मिरची करपते आणि शंभर पावलांवर टेकाडावरची मिरची हिरवी राहते, त्याचे कारण हेच. वसतिगृहामागच्या जमिनीत वरची आणि खालची अशा दोन पातळ्या आहेत. बागेसाठी वरची निवडावी. खालच्या पातळीची माती कन्हार आहे, तिच्यात पाणी मुरत नाही, आणि ती पावसाळ्यात धानासाठीच बरी.

कोणती भाजी थंडी सोसते आणि कोणती सोसत नाही, हे आपल्या आयाबायांना पाठ आहे; मुलांना मात्र आता ठाऊक नसते, कारण बाजारात सारे बारमाही दिसते. वांगी, टोमॅटो, मिरची, भेंडी, दोडका, काकडी ही उष्ण प्रदेशाची लेकरे. कडाक्याच्या एका रात्रीत त्यांची पाने उकडल्यासारखी होतात, कारण पेशींतील पाणी गोठून पेशी फुटतात. पालक, मेथी, मुळा, गाजर, बीट, पत्ताकोबी, फुलकोबी, नवलकोल, लसणाची पात, सांभार यांचे तसे होत नाही. थंडी हळूहळू वाढत गेली तर ही रोपे तिला सरावतात. साठवलेल्या स्टार्चची साखर करतात, आणि साखर विरघळलेला पेशीरस शून्य अंशालाही गोठत नाही. गाजर जानेवारीत गोड लागते ते याच कारणाने. ती गोडी म्हणजे रोपाने स्वतःच्या बचावासाठी केलेली तजवीज असते. आपण ती आयती खातो. वाटाण्याचे मात्र दुहेरी आहे : त्याचा वेल थंडी सोसतो, फूल आणि कोवळी शेंग सोसत नाही. विज्ञानाच्या शिक्षकांना पेशी, द्रावण, गोठणबिंदू, उष्णतेचे उत्सर्जन हे सारे धडे फळ्यावर शिकवावे लागतात. दहा गुंठ्यांत ते पहाटे सहा वाजता दिसतील. आणखी एक गंमत : ज्याला आपण पालक म्हणतो तो इंग्रजी पुस्तकातील स्पिनॅच नव्हे, तो बीटाचा भाऊबंद आहे. मुलांनी दोन्हींची पाने शेजारी ठेवून पाहिली म्हणजे आम्ही सांगण्याची गरज उरणार नाही.

फुलकोबीबाबत थोडे सांगितले पाहिजे, कारण प्रारंभी उत्साह तिच्यापाशीच मोडतो. फुलकोबीचे लवकर येणारे, मध्यम आणि उशिराचे असे गट असतात आणि प्रत्येकाचा गड्डा ठराविक थंडीतच धरतो. लवकरच्या जातीची रोपे उशिरा लावली तर सुपारीएवढे गड्डे येतात. उशिराच्या जातीची रोपे लवकर लावली तर नुसता पाला वाढतो. बियाणे घेताना दुकानदाराला केवळ ‘चांगले द्या’ म्हणून भागत नाही, कोणत्या महिन्याचे ते विचारावे लागते. पुसा दीपाली, पुसा स्नोबॉल अशी नावे पाकिटावर असतात. ‘पुसा’ हे बिहारमधील गाव; भारतीय कृषी संशोधन संस्था मूळ तेथली. १९३४ च्या भूकंपानंतर ती दिल्लीस हलली आणि गावाचे नाव सोबत घेऊन गेली. कोबी आणि स्नोबॉल फुलकोबी यांचे बी आपल्याकडे धरत नाही, कारण फुलोऱ्यावर येण्यासाठी त्यांना दीर्घ कडक थंडी लागते. त्यांचे बी हिमाचलातील कुलू खोऱ्यासारख्या ठिकाणी तयार होते. मेथी, सांभार, पालक, देशी मुळा यांचे बी मात्र आपण येथेच धरू शकतो. आमची सूचना अशी की, निदान या चार भाज्यांचे बी पहिल्या वर्षीच राखावे. दरवर्षी पाकिटासाठी बाजारात जाणारी बाग कागदोपत्री खर्चिक दिसते, आणि खर्चिक दिसणारी गोष्ट संस्थांमध्ये फार वर्षे टिकत नाही.

आता लाखोरी. या एका पिकाविषयी विस्ताराने लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते, कारण ते आपल्या जिल्ह्याचे पीक आहे आणि त्याच्याशी आपल्या माणसांच्या शरीराचा इतिहास निगडित आहे. लाखोरीला पाणी लागत नाही, नांगरट लागत नाही, धानाच्या उरलेल्या ओलीवर ती येते. तिचे कोवळे शेंडे खुडून केलेली भाजी आपल्यापैकी अनेकांच्या लहानपणीच्या हिवाळ्याची चव आहे. ते शेंडे वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवण्याचीही रीत आहे. परंतु तिच्या दाण्यात एक असा घटक असतो की, महिनोन्महिने तीच डाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पायांतील शक्ती जाते आणि ती परत येत नाही. श्रीमंताच्या ताटात लाखोरीची डाळ इतर दहा पदार्थांबरोबर येई, त्याला काही होत नसे. मध्य भारतात अनेक ठिकाणी शेतमजुराला मजुरी म्हणूनच ती मिळे, आणि दुष्काळाच्या वर्षी दुसरे काही नसे. पांगळा तो होई. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठविली. मधल्या काळात तो घटक कमी असलेल्या जातीही निघाल्या. आमचे मत असे : लाखोरीची भाजी बागेच्या एका कडेला जरूर असावी, हिवाळ्यातून चार-दोनदा मुलांच्या जेवणात यावी, कारण ती आपली आहे, पण तो घटक कोवळ्या पाल्यातही असतो, म्हणून ती रोजची होऊ नये, आणि डाळ वसतिगृहाच्या कोठीत नकोच. मुलांना ती खाऊ घालताना हा इतिहासही सांगावा. एकच दाणा एकाला रुचिपालट आणि दुसऱ्याला अपंगत्व कसे देतो, हे समजावून देणारा याहून स्पष्ट धडा नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आम्हांस आढळला नाही.

हिशेबाचे म्हणाल तर तो साधा आहे. शंभर मुलांना दररोज शंभर ग्रॅम पालेभाजी द्यायची तर दहा किलो लागते. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी या नव्वद दिवसांत नऊशे किलो. एका गुंठ्यातून साऱ्या खुडण्या मिळून शंभर किलो धरली तर नऊ-दहा गुंठे पुरतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला निदान चारशे ग्रॅम फळे व भाज्या सुचविते. आपल्या ताटात बटाट्याचा रस्सा आणि वरणात तरंगणारे दोन टोमॅटोचे तुकडे यांपलीकडे किती जाते, हे वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला माहीत आहे. पैशांची बचत फार होईल असे आम्ही म्हणत नाही. जानेवारीत बाजारात कोबी मातीमोल असते आणि ज्याला केवळ रुपयांत नफा पाहायचा असेल त्याने ही बाग करू नये. लाभ आहे तो ताजेपणाचा आणि प्रमाणाचा : स्वयंपाकीणबाईंना दहा किलो मेथी विकत आणावी लागली तर त्या तीन किलोंत भागवितात, दारात उभी असली तर दहा किलो शिजते. उरलेली मेथी आणि हरभऱ्याचा पाला सावलीत वाळवून ठेवला तर मार्च-एप्रिलचाही प्रश्न काही अंशी सुटतो. शालेय पोषण आहाराच्या संदर्भात शाळांनी परसबागा कराव्यात, असे केंद्र शासनाने २०१९ मध्येच मार्गदर्शक सूचनांद्वारे सांगितले आहे; तेव्हा ही काही आमच्या डोक्यातून निघालेली चाल नव्हे.

किडीचा प्रश्न उरतो आणि पंचशीलाच्या पहिल्या शीलाशी तो भिडतो. कोबीवर चौकोनी ठिपक्यांचा पतंग येतो, सांभारावर आणि मोहरीवर मावा येतो. प्राणिहत्या नको म्हणून पीक सोडून द्यावे, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणारा माणूस बाजारातून जी कोबी आणतो तिच्यावर फवारणी झालेलीच असते, फक्त त्याच्या डोळ्यांआड. पण मार्ग निवडता येतो. कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावल्या तर पतंग मोहरीकडे ओढला जातो, ही बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची शिफारस आहे. पाच टक्के निंबोळी अर्काने किडीची भूक आणि वाढ मंदावते, आणि निंबोळ्या तर आपल्याच आवारात पडून सडतात. मुलांच्या बागेत रासायनिक फवारणी असू नये, याविषयी मात्र तडजोड नको. थंडीच्या उपायांतही असेच घरचे साधन पुरते : दिवस मावळण्यापूर्वी हलके पाणी दिले की ओली माती अधिक ऊब धरून ठेवते, कोवळ्या वाफ्यांवर रात्रीपुरते तणस पसरावे आणि सकाळी उन्ह वर आल्यावर काढावे. तणस जाळून धूर करण्याची जुनी पद्धत मात्र आम्ही वसतिगृहाजवळ सुचविणार नाही. मुलांचे खोकले आधीच काय कमी आहेत!

आता अटी. या अटी मान्य नसतील तर बाग न केलेलीच बरी, इतके आम्हांस त्यांचे महत्त्व वाटते. बागेतील काम ही शिक्षा असता कामा नये. उशिरा उठलेल्या किंवा गृहपाठ न केलेल्या मुलाला वाफा खणायला पाठविले, की त्या दिवसापासून ती बाग त्याच्या दृष्टीने परक्याची बांधी झाली. काम तासिकेच्या वेळात नको. सकाळी अर्धा तास, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि दहावीच्या मुलांना नाताळानंतर पूर्ण सूट. खोल खणणे, खत वाहणे ही जड कामे मजुरी देऊन गड्याकडून करून घ्यावीत. मुलींनी निंदायचे आणि मुलांनी पाणी सोडायचे, अशी वाटणी तर मुळीच नको; मोटारीची कळ मुलींच्याही हाती असावी आणि मेथी मुलांनीही निवडावी. सर्वांत शेवटचे आणि सर्वांत नाजूक : भाजी प्रथम कोठे जाते? आमच्यापैकी काहींचे शिक्षण अन्यत्र एका वसतिगृहात झाले. तेथील बागेतील पहिली फुलकोबी नेहमी पाहुण्यांच्या आणि वरिष्ठांच्या घरी पोचत असे. मुलांच्या वाट्याला देठ येत. त्या मुलांनी पुढे आयुष्यात बागकाम केले असेल, असे आम्हांस वाटत नाही. म्हणून तोडलेल्या भाजीचे वजन दररोज स्वयंपाकघराच्या फळ्यावर लिहावे, आणि ते एखाद्या विद्यार्थ्याने लिहावे.

सभागृहाविषयी आमचा विरोध नाही. ते खालच्या पातळीवर नव्हे, तर रस्त्याच्या बाजूस, जुन्या पडवीच्या जागी होऊ शकते असे अभियंता मंडळींनी पाहावे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे बांधकाम खात्यात आहेत त्यांनी हा सल्ला विनामूल्य द्यावा, ही विनंती येथेच करून टाकतो.

राहिली वेळ. हिवाळी भाजीचे सारे गणित पेरणीच्या तारखेवर उभे आहे. थंडी सुरू झाल्यावर जागे होणाऱ्याला फार तर मुळा मिळतो. सुदैवाने आपले धम्माचे पंचांग या कामाशी चांगले जुळते. वर्षावासाच्या उत्तरार्धात, भाद्रपदात, कोबी-फुलकोबीची रोपवाटिका उंच गादीवाफ्यावर टाकावी, कारण परतीचा पाऊस सपाट वाफा बुडवितो. अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो; त्या सुमारास पाऊस उघडतो, जमिनीला वाफसा येतो, आणि पालक, मेथी, गाजर, सांभार यांचा पहिला हप्ता पेरता येतो. त्यानंतर दर पंधरवड्याने थोडे थोडे पेरीत गेले म्हणजे भाजी एकदम अंगावर येत नाही. खरी अडचण दिवाळीच्या सुट्टीची आहे. रोपे नुकती लागलेली असतात आणि वसतिगृह दोन-तीन आठवडे ओस पडते. यासाठी आमच्या दोन सूचना आहेत : कोबीवर्गीय रोपांची लावणी सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात करावी, आणि आधी पेरलेल्या वाफ्यांच्या पाण्याची जबाबदारी सुट्टीत गावातच राहणाऱ्या दोन पालकांनी मानधन घेऊन स्वीकारावी. असे झाले तर ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, पहिली मेथी खुडता येईल, आणि ३ जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीस, जेवणात आपल्या जमिनीतील गाजर असेल. साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्राकडे एकदा माती आणि विहिरीचे पाणी तपासण्यासंबंधी विचारणा करावी, तीही पावसाळ्यापूर्वी. जमिनीचा ठराव कार्यकारी मंडळापुढे येईल तेव्हा या दहा गुंठ्यांची मोजणी करून तिचा नकाशा ठरावाला जोडावा, म्हणजे पुढील मंडळास ती जागा शोधत बसावे लागणार नाही.